सोजरबाईंचं पित्ताशय आणि येळवस

चिपळूणला परतल्यावर शेजारच्या कुमुदताईंनी विचारलं, "नांदेड-लातूर करून आलात म्हणे. काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "दोन पित्ताशयं." त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि आंब्याच्या मोहोराचा विषय काढला. तर कुमुदताई आणि त्यांच्यासारखे जे तिकडे कधी गेले नाहीत, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगते.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे डॉक्टरच, पण माणसं न बघता माणसांचे तुकडे बघणारी. कुणाची गाठ काढली की ती बाटलीतून माझ्याकडे येते. मी तिचे पातळ काप करते, रंगवते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि साधी की कर्करोगाची ते लिहून देते. दहा दिवस लागतील, असं मी सगळ्यांना सांगते. लागतात कमी, पण मला कुणी घाई केलेली खपत नाही. शंका आली की स्लाइड बशीखाली झाकून ठेवायची आणि सकाळी चहा झाल्यावर पुन्हा बघायची, हा माझा जन्माचा नेम.

या नेमाला सुरुंग लावला बालाजीनं. बालाजी माझा जुना विद्यार्थी. आता लातूरला सर्जन आहे आणि आठवड्यातून एकदा नांदेडलाही ऑपरेशनं करतो. त्याच्याकडे पित्ताशयातल्या कोंबाचे दोन पेशंट होते. पित्ताशयात खडे होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण कधी कधी आतल्या भिंतीला अळंबीसारखा कोंब फुटतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो, पण मोठा झाला की त्याचा भरवसा नाही. पित्ताशय तर काढायचंच, पण कोंब वाईट निघाला तर यकृताचा तुकडा आणि आजूबाजूच्या गाठीही काढाव्या लागतात. आणि तो वाईट आहे हे कळतं कधी? तर माझा कागद गेल्यावर. तोवर पेशंट टाके काढून घरी. मग त्याला पुन्हा बोलवा, पुन्हा पोट उघडा.

आता एक यंत्र निघालंय. पेशंटला शिरेतून पिवळा रंग द्यायचा, तो पेशींच्या मधल्या फटींत भरतो. मग पित्ताशय काढून बाजूच्या टेबलावर उघडायचं आणि बॉलपेनच्या रिफिलीएवढी कांडी कोंबाला टेकवायची, की समोरच्या पडद्यावर पेशी दिसायला लागतात. पेशंट अजून भुलीखालीच असतो. म्हणजे जे काय करायचं ते तेव्हाच, एकाच वेळी करता येतं. बघणारं माणूस मात्र लागतं, आणि त्यानं उत्तर तिथल्या तिथं द्यायचं असतं. मी हौसेनं मुंबईला जाऊन ते शिकून आले होते. यंत्र आठवडाभरासाठी मागून आणलं होतं.

तारखा मी ठरवल्या. बुधवारी नांदेड, शुक्रवारी लातूर, शनिवारी सकाळी यंत्र परत. त्या शुक्रवारी अमावास्या होती. मी म्हटलं, उत्तमच, दवाखान्यात गर्दी नसेल. बालाजी फोनवर जरा घुटमळला. "शुक्रवारीच का मॅडम?" "शुक्रवारीच." "बरं." त्या "बरं"मध्ये काय काय दडलेलं होतं, ते मला शुक्रवारी कळलं.

नांदेड

प्रवासाचं फार सांगत नाही. यंत्राची पेटी खालच्या बर्थवर आडवी झाली आणि मी साठीची बाई शिडी चढून वरच्या बर्थवर, एवढ्यात काय ते समजा.

नांदेडात सकाळी नाश्त्याला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, दाण्याचा कूट घालून परतलेला पदार्थ आला. त्याला सुशीला म्हणतात. आमच्याकडे "चहा घेणार का?" असं विचारतात, म्हणजे समोरच्याला नको म्हणायला वाव राहतो. इथे विचारतच नाहीत, आणतात. तुम्ही नको म्हणालात तर तुम्हाला बरं वाटत नाहीये असं समजून वर लिंबू-सरबत आणतात. दवाखान्यात पोचेपर्यंत माझे चार चहा झाले होते.

पेशंट होते गंगाधर मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक. ऑपरेशन छान झालं. कांडी टेकवली, पडद्यावर चरबीचे ठिपके लखलखले. चरबी साठून झालेला साधा कोंब, काही शंकाच नव्हती. मी ऐटीत हातमोजे काढले.

दुपारी वॉर्डातून हलकल्लोळ ऐकू आला. झालं होतं असं की त्या रंगानं माणूस काही तास पिवळा दिसतो. मास्तरांच्या बायकोला मी ऑपरेशनआधी समोर बसवून हे नीट सांगितलं होतं. आमच्या कोकणात एकाला सांगितलं की पुरतं. तो दुसऱ्याला सांगत नाही, पण दुसरा बघायला येतही नाही. इथे दुपारपर्यंत एकोणीस माणसं जमली होती आणि त्यांतल्या अठरांना मी काही सांगितलं नव्हतं.

"माय माय माय!" मास्तरांच्या आत्याबाई कपाळावर हात मारून ओरडत होत्या. "लेकरू हळदीवानी पिवळं पडलं की! पित्त काढाया आणलं अन् सारं अंगात सांडून ठिवलं!"

"अहो आत्याबाई, तो रंग आहे. संध्याकाळपर्यंत आपोआप जाईल."

"रंग? जित्या माणसाला रंग कामून देता?"

प्रश्न बिनतोड होता. मी पेशी, फटी, प्रकाश असं काहीतरी सांगू लागले, तोवर कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन आलं होतं. त्यानं परातीत चुन्याचं पाणी केलं, पुटपुटत मास्तरांचे हात त्यात धुतले, आणि पाणी खरोखर पिवळं झालं. ते कसं होतं हे मला विचारू नका. मास्तर भुलीच्या गुंगीत होते, त्यांनी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात मुकाट्यानं पुढे केले.

संध्याकाळी मास्तर पुन्हा सावळे झाले. सगळे म्हणाले, गुण आला. कावीळवाल्याला नारळ आणि टॉवेल-टोपी मिळाली. मला पाचवा चहा मिळाला.

"मॅडम," बालाजी गाडी काढताना म्हणाला, "तुमचं मशीन चांगलंच हाय, पण कावीळवाल्याचा चुना लई पावरफुल."

लातूर

गुरुवारी नांदेडहून लातूरला गाडीनं गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर. आमची माती तांबडी आणि डोळ्यांसमोर सतत डोंगर. इथे माती काळी कुळकुळीत, आणि नजर अडवायला काहीच नाही. ज्वारी कमरेपर्यंत आलेली, मधेच हरभरा, कडेला करडई. एवढं आभाळ एका वेळी बघायची मला सवय नाही, मला थोडं उघड्यावर पडल्यासारखंच वाटलं. चाकूरला चहाला थांबलो. मोजणं मी सोडून दिलं होतं.

सोजरबाई मला गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यात भेटल्या. लातूरच्या मुरुडजवळच्या एका गावच्या, घरची शेती. बारीक अंगाच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज मात्र शिवार ओलांडून जाणारा. त्यांच्या पित्ताशयातला कोंब मोठा होता आणि त्याचा बुडखा रुंद होता. असा कोंब मला आवडत नाही.

"बसा बाई," त्यांनीच मला त्यांच्या कॉटवर जागा करून दिली. "माजं एकच म्हणणं हाय. माज्या थोरल्या भैनीचं असंच पित्त काढलं. टाके सुकले, घरी आली, चूल पेटवली. दहा दिसांनी कागद आला. वंगाळ हाय म्हणं, पुन्यांदा पोट उघडावं लागतंय. ती म्हणली, आता न्हाई. सारे पाया पडले, पर न्हाई म्हणजे न्हाई. पुढचा पाडवा तिनं बघितला न्हाई."

त्यांचे यजमान, सगळे त्यांना नाना म्हणत, खिडकीशी उभे होते. त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

"तवा लहान करा, मोठं करा, काळीज काढून ठिवा," सोजरबाई म्हणाल्या, "पर पोट एकदाच उघडायचं. दुसऱ्यांदा मी यायची न्हाई. आताच सांगून ठिवते."

"दहा दिसांनी कागद आला" हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कागद माझा नव्हता, पण माझ्यासारख्याच कुणीतरी सावकाश, चहा पिऊन लिहिलेला असणार. बाहेर आल्यावर मी बालाजीला म्हटलं, "ही बाई बोलते तसं करणारी आहे."

"हाव मॅडम. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." त्यानं मोठ्या ऑपरेशनचीही सगळी तयारी करून ठेवली होती. लहान की मोठं, ते उद्या माझ्या तोंडून ऐकायचं होतं. रात्री त्यानं मला निलंगा राईस खायला नेलं. भात इतका तिखट की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भातानंच आलं अशी मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी सकाळी दहाला दवाखान्यात पोचले तर सोजरबाईंची कॉट रिकामी. चादर घडी करून उशाशी ठेवलेली. वॉर्डात कुणीही नाही. बाहेर बघते तर रस्ता ओस, दुकानांची शटरं खाली.

"आज येळवस हाय, मॅडम," बालाजी माझ्याकडे न बघता म्हणाला.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. या दिवशी लातूरकडचं अख्खं गाव, अख्खं शहर उठून रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात आणि दिवसभर तिथेच जेवण. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्याच्या रानात बोलावणं असतं. भूलतज्ज्ञसुद्धा त्यांच्या रानात होते. त्यांचा निरोप आला होता, दोन वाजता येतो, जेवून.

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तुम्ही म्हणला शुक्रवारीच. मॅडमला न्हाई कसं म्हणावं?"

"मेल्या," मी म्हटलं, "तुला शिकवलं ते सगळं पाण्यात गेलं!" आणि मग अस्सल चिपळुणी भाषेत पाच मिनिटं बोलले. ते इथे लिहीत नाही. बालाजी खाली मान घालून ऐकत उभा राहिला, वर्गात राहायचा तसाच. नानांचा फोन लागत नव्हता. उद्या सकाळी यंत्र जाणार, म्हणजे आज ऑपरेशन झालं नाही तर सोजरबाईंना पुन्हा तोच कागद आणि तेच दहा दिवस. आम्ही गाडीत बसलो आणि मुरुडच्या रस्त्याला लागलो.

शहर ओस होतं, पण रस्ता ओसंडून वाहत होता. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली, आणि प्रत्येक गाडीवर डोक्यावर घागर किंवा मांडीवर टोपली घेतलेली बाई. तासाभरानं आम्हाला सोजरबाईंचा आवाज आधी ऐकू आला, मग रान दिसलं.

खोपीसमोर चाळीसएक माणसं पंगतीला बसली होती आणि सोजरबाई पदर खोचून वाढत होत्या.

"सोजरबाई!" मी बांधावरूनच ओरडले. "पळून आलात?"

"पळून कशाला येऊ? सांगूनच येणार व्हते, पर नर्सबाई झोपल्या व्हत्या, त्यांची झोप कशाला मोडायची?" त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. मग जवळ आल्या आणि आवाज खाली आणला. तो आवाज खाली येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "बाई, पुढच्या येळवशीला मी हाय का न्हाई, कुणाला ठाव? तुमचं मशीन सांगणार हाय, पर ते दुपारी. तवर पूजा माज्या हातानं करून घेतली."

मला रागवायचं होतं. रागावताच येईना.

"काही खाल्लंत का?" मी कसंबसं विचारलं. भूल द्यायची तर पोट रिकामं पाहिजे.

"पाण्याचा थेंब न्हाई. सकाळपासून साऱ्यांना वाढून राहिले, बोट चाटलं न्हाई." चाळीस माणसांनी माना डोलावल्या. दोन सुनांनी तर खोपीतल्या देवाची शपथ घेतली.

"मग चला."

"तुमी जेवल्याबिगर? रानात आलेलं माणूस उपाशी धाडायचं? मी बसत न्हाई गाडीत."

झालं! मी मुकाट्यानं पंगतीत बसले. हरभरा, तूर, वाटाणा आणि शेतातली असेल नसेल ती भाजी एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या घागरीतली ताक-ज्वारीच्या पिठाची गार आंबील. आम्ही कोकणी माणसं जेवणाचं कौतुक "बरं आहे" यापलीकडे करत नाही. मी भज्जी तीनदा मागून घेतली. जिच्या पोटावर तीन तासांनी सुरी चालणार ती उपाशी बाई मला आग्रह करकरून वाढत होती, आणि तरी मला घास गोड लागत होता.

नांदेडचा धडा मात्र विसरले नव्हते. पंगतीतच उभी राहिले आणि चाळीसही जणांना एकदम सांगितलं, "ऐका! संध्याकाळी सोजरबाई पिवळ्याधमक दिसतील. ती कावीळ नाही, औषधाचा रंग आहे. कावीळवाल्याला आणायचं नाही!"

"हळद लागली म्हणा की!" मागून एक म्हातारबा म्हणाले. "नाना, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढा आता!" सगळं रान हसलं. सोजरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नाना तेवढे हसले नाहीत.

तीन वाजता त्यांना भूल दिली. भूलतज्ज्ञांच्या शर्टावर भज्जीचा डाग होता, हात मात्र स्थिर होता. बालाजीनं पित्ताशय अलगद पिशवीत घालून बाहेर काढलं, मी ते बाजूच्या टेबलावर उघडलं आणि कांडी कोंबाला टेकवली. शेंड्याकडे पेशी छान, एकसारख्या, रांगेत. मध्यावरही तशाच. बुडख्याशी आले आणि पडदा काळवंडला.

काळा ठिपका नव्हे, चांगला पट्टा होता. वाईट पेशी अशाच काळ्या, विस्कटलेल्या दिसतात. झाकून ठेवायला बशी नव्हती. सकाळ व्हायची नव्हती. पलीकडे सोजरबाई पोट उघडं टाकून माझ्या एका शब्दासाठी झोपल्या होत्या. वाईट म्हणाले आणि तो साधा असला, तर चांगल्या यकृताचा तुकडा फुकट जाणार. साधा म्हणाले आणि तो वाईट असला, तर त्या बहिणीच्या वाटेनं जाणार. दुसऱ्यांदा त्या येणार नव्हत्या.

"मॅडम?" बालाजी म्हणाला.

"गप्प बस. सलाईन दे."

मी ती जागा धुतली. पुन्हा टेकवली. पट्टा थोडा विरळ झाला. पुन्हा धुतली. काळं होतं ते साकळलेलं रक्त होतं, त्याच्यामागून पेशी वर आल्या. रांगेत, एकसारख्या. मी बुडख्याभोवती कांडी फिरवत राहिले, एकेक जागा दोनदा बघत.

"साधा आहे," मी म्हटलं. "बंद कर."

"नक्की ना मॅडम?"

"तुला काय स्टँपपेपरवर पाहिजे? बंद कर म्हटलं ना!"

बाहेर अख्खी पंगत जिन्यावर येऊन बसली होती. तिकडे रिवाज असा की काढलेलं पित्ताशय ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायचं. त्यांना सवय खड्यांची. गावात घराघरांत टीव्हीशेजारी खड्यांची बाटली असते म्हणे. आमच्या ट्रेमध्ये खडा नव्हता. "मंग काढलं काय?" म्हातारबांनी संशयानं विचारलं. मी पडद्यावरचं चित्र आणून दाखवलं. त्यांनी ते लांबून, जवळून, तिरकं करून बघितलं आणि म्हणाले, "पेरा चांगला झालाय."

नाना मला बाजूला घेऊन गेले. "मंजी... पुन्यांदा न्हाई?"

"नाही नाना. एकदाच."

ते तिथेच पायरीवर बसले आणि गमछ्यात तोंड घालून हुंदके देऊन रडले. त्या दिवशी सोजरबाई रात्रीपर्यंत पिवळ्या होत्या, आणि दोन्ही सुना त्यांच्या उशाशी बसून हळदीची गाणी म्हणत होत्या. कावीळवाल्याला कुणी बोलावलं नाही.

चिपळूण

यंत्राचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पक्का कागद अजून व्हायचाच होता, आणि तो मीच करायचा होता. पित्ताशय बाटलीत घालून मी चिपळूणला आणलं, काप केले, रंगवले आणि बघायला बसले. साधाच कोंब. पण बुडख्याच्या एका कोपऱ्यात रंग नीट चढला नव्हता. पुन्हा काप केले. मग आणखी खोल काप केले. रात्री झोप लागेना. मी सांगून बसले होते, त्यांनी पोट शिवलं होतं, आणि ते आता पुन्हा उघडणार नव्हतं. कुमुदताई मोहोराबद्दल काय सांगत होत्या ते मला एक अक्षर आठवत नाही. शेवटचा काप स्वच्छ निघाला तो दहाव्या दिवशी.

मी कागद टपालात टाकला नाही. फोन केला. सोजरबाईंनीच उचलला, मागे म्हैस ओरडत होती.

"सोजरबाई, मी चिपळूणची डॉक्टरीण. रिपोर्ट झाला. साधीच गाठ आहे, कुठे काही नाही."

"मंग? ते तर तुमी त्याच दिशी सांगितलं व्हतं की."

"हो, पण आता पक्कं झालं."

पलीकडे म्हैससुद्धा थांबली.

"मंजी तवा पक्कं नव्हतं?"

मला खोटं बोलता येईना आणि खरं कसं सांगावं ते कळेना. "तेव्हाही पक्कंच होतं हो," मी म्हटलं. "माझ्या जिवालाच पटत नव्हतं."

"अगं माय!" सोजरबाईंचा तो शिवार ओलांडणारा आवाज खाली आला. "तवापासून तुमी एकट्याच बसला व्हता व्हय, कागदाची वाट बघत?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला, लॅबचं दार आतून लावलं आणि पोटभर रडले.